शब्बाथ मोडणारी फटफटी

मिल्का मला आवडत नव्हती असं कोणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. आवडत होती असं म्हणालं तरी भांडेन. तिच्याबद्दल काय ते मी बोलेन, दुसऱ्या कोणी बोलायचं नाही.

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. इस्राएलात, हैफाला, कार्मेल डोंगराच्या उतारावर आमचा शिकून होता. शिकून म्हणजे देशात नव्यानं आलेल्यांसाठी बांधलेल्या सरकारी इमारती. चाळच, फक्त संडास ज्याचा त्याचा. तिसऱ्या मजल्यावर आम्ही, म्हणजे मी, माझा नवरा सायमन आणि दोन मुलं. तळमजल्यावर मिल्का आणि तिची म्हातारी आई, राहेलबाई. सगळ्या इमारतीत मराठी बोलणारी ही दोनच घरं. बाकी रुमानियाचे, मोरोक्कोचे आणि एक जर्मन. दोनच घरं असली की माणसाला निवड राहत नाही. मुंबईत भायखळ्याला असते तर मी मिल्काशी मैत्री केली असती की नाही, सांगता येत नाही. तिथे मला माणसं पुष्कळ होती.

मिल्का नर्स होती. चाळिशीला टेकलेली, उंच, हाडापेरानं मजबूत, खोबरेल तेलानं चापून बसवलेले केस. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं की म्हणायची, "राहून गेलं गो." जणू बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली. दार वाजवणं तिला ठाऊक नव्हतं. जिन्यातून "फ्लोरा, मी येतेय गो!" अशी हाक यायची आणि मी ओढणी सावरेपर्यंत बाई स्वयंपाकघरात उभी राहून पातेल्यावरचं झाकण उचलत असायची. तिच्या पांढऱ्या कोटाच्या एका खिशात कापूस आणि दुसऱ्या खिशात कागदात गुंडाळलेल्या हिरव्या मिरच्या. या देशाचं जेवण आजाऱ्यांचं आहे असं तिचं ठाम मत. एका घरचं इंजेक्शन आटोपून दुसऱ्या घरी जाताना ती पिता-रोटीबरोबर कचाकच मिरची चावायची. कापूस आणि मिरच्या यांचे खिसे बदलले तर काय होईल, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "एकदा बदलले होते. तो म्हातारा उठून चालायला लागला."

इंजेक्शन देण्याची तिची एक तऱ्हा होती. आधी म्हणायची, "झालं, संपलं." माणूस सैल सोडायचा. मग ती सुई टोचायची. तिचं सगळंच तसं. आधी 'झालं' म्हणून मोकळं व्हायचं, मग करायचं.

आता मी तिच्यावर जळायचे हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. हिब्रूच्या वर्गात, उल्पानात, मी पहिली आले होते. माझी क्रियापदं आजही बिनचूक आहेत. आणि मी मकोलेतमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, शुद्ध हिब्रूत अंडी मागितली की तो रुमानियन दुकानदार "मा? मा?", म्हणजे काय, काय, करत दोनदा विचारायचा. मिल्का अर्धं मराठी, पाव इंग्रजी आणि उरलेले हातवारे करून मागायची, आणि तिला आतल्या खोलीतली ताजी अंडी मिळायची. अशा माणसावर न जळणारा कोणी असेल तर त्यानं मला येऊन भेटावं.

हैफा म्हणजे डोंगराला चिकटवलेलं गाव. बस वळसे घेत जाते. सरळ जायचं तर पायऱ्या. मिल्काचे पेशंट वर-खाली पसरलेले, बहुतेक म्हातारे, घरातून न हलणारे. दिवसभर पायऱ्या चढून तिचे गुडघे सुजायचे. संध्याकाळी बादलीत पाय बुडवून बसली की म्हणायची, "देवानं पाय दिले ते उतरायला. चढायला त्यानं दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं."

एक दिवस जिन्यातून हाक आली. आत येऊन झाकण न उचलताच मिल्का म्हणाली, "झालं. फटफटी घेतली."

अर्थात घेतलेली नव्हती. मकोलेतच्या दारावर चिठ्ठी लागली होती: ओफानोआ, याद श्नीया. ओफानोआ म्हणजे मोटारसायकल, याद श्नीया म्हणजे दुसरा हात, म्हणजे सेकंडहॅन्ड. एवढं वाचून तिनं मनात खरेदी उरकली होती. आता तिला यंत्रातलं कळणारा माणूस बरोबर हवा होता. "फ्लोरा, सायमनला जरा दे गो दुपारपुरता."

सायमन मुंबईत परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होता. इथे बंदरात त्याला काम मिळालं ते क्रेनला ग्रीस चोपडायचं. घरी यायचा, जेवायचा, खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचा. त्याला दुपारपुरता द्यायला माझी हरकत नव्हती, पण एकटा द्यायला होती. मी म्हटलं, मीही येते. आणि मनाशी ठरवलं की तिथे तोंड उघडायचं नाही. गप्प बसून नापसंती दाखवण्यात माझा हात कोणी धरत नाही.

विकणारा होता गीदी. समुद्राजवळ शहराबाहेर राहायचा; तिशीचा, उघड्या अंगाचा, डावा खांदा जरा खाली उतरलेला. किनाऱ्यालगत वाळूच्या टेकड्या होत्या आणि त्याच्यासारखी पोरं सुट्टीच्या दिवशी तिथे फटफट्यांच्या शर्यती लावत. गीदीनं कित्येक जिंकल्या होत्या. शेवटच्या शर्यतीत खांदा मोडला तेव्हा बायको म्हणाली, एकतर मी, नाहीतर ती.

'ती' पत्र्याच्या शेडखाली उभी होती. चेक बनावटीची, लाल; टाकी चेपलेली, बाजूला खरवडून काढलेल्या आकड्याची अर्धी कड. पुढे दिवा नाही, हॉर्न नाही, मडगार्ड नाही. धुराड्याची नळी नुसती उघडी. वजन कमी व्हावं म्हणून जे जे काढता येईल ते सगळं काढून टाकलेलं. मला तर ती अर्धवट कपडे घातलेल्या बाईसारखी वाटली. पण सायमन उकिडवा बसला आणि त्यानं इंजिनावर हात ठेवला. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. ग्रीसच्या डब्याला चार वर्षं हात लावून लावून त्या हाताला जे झालं नव्हतं, ते तिथे झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या पोटात तेव्हापासून दुखायला लागलं.

गीदीनं विचारलं, चालवणार कोण? सगळ्यांनी सायमनकडे पाहिलं. मिल्का म्हणाली, "अनी." मी.

गीदी हसला. "गवेरेत," बाई, "ही शर्यतीत वाढलीय. हिला हळू जाणं माहीत नाही. हळू घेतलीत तर बंद पडेल."

मिल्काला रागानं ओफानोआ हा शब्दच आठवेना. तिनं टाकीवर थाप मारली आणि ओरडली, "फटफटी! मला फटफटी पायजे! फटफटी!"

आता इथे एक घोळ आहे. हिब्रू माणसाला आपला 'फ' आणि 'ट' फुटत नाही. त्याच्या कानाला फटफटी म्हणजे 'पतपेती'. आणि पतपेती हा हिब्रू शब्द आहे. बाईमाणसाला उद्देशून म्हणतात: बडबड कर! गीदीनं इकडेतिकडे पाहिलं. बडबड कर असं ही कोणाला सांगतेय? तिथे दुसरी बाई मीच होते, ओठ शिवून उभी. त्याची खात्री पटली. तो माझ्याकडे वळला आणि गयावया करून म्हणाला, "नू, गवेरेत, पतपेती! त्या एवढं सांगतायत, बोला ना काहीतरी!"

मी अगदी शुद्ध हिब्रूत म्हणाले, "मला काहीही बोलायचं नाही."

"पतपेती!" गीदी म्हणाला. "फटफटी!" मिल्का म्हणाली. आणि सायमन वाळूत मटकन बसला आणि हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मुंबई सोडल्यापासून मी त्याला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. त्याला हसवायला मी काय काय केलं होतं ते माझं मला माहीत. आणि हसला कोणामुळे, तर मिल्कामुळे. माझ्यावरही, म्हणा, पण ते श्रेय मला नको होतं.

सौदा झाला. गाडीचं नाव पतपेती पडलं ते कायमचं.

त्यानंतर सायमन कामावरून आला की वर यायचाच नाही. खालच्या अंगणात पतपेतीपुढे बसायचा. तिला दिवा बसवला, हॉर्न बसवला, नळीला कुठल्याशा भंगार गाडीचं सायलेन्सर जोडलं. गाडी एकट्याच्या बैठकीची होती. पेशंटला कधी न्यावं लागलं तर म्हणून त्यानं मागे दुसरी बैठक केली आणि तिच्यात स्पंज भरला तो आमच्या सोफ्याच्या उशीचा. मला न विचारता. एक गोष्ट त्यानं तशीच ठेवली. वाळूतून ओढायला गीदीनं मागचं दात्यांचं चक्र मोठं बसवलं होतं. सायमन म्हणाला, "हे राहू दे. सपाटीवर किंचाळेल, पण कार्मेल चढून जाईल." आणि मग तो शीळ घालायला लागला.

शीळ! नवरा दारू प्यायला असता तर मला चारचौघांत तक्रार तरी करता आली असती. शीळ घालतो म्हणून कोणाकडे जाऊ? सिनेगॉगमध्ये बायका गोड आवाजात विचारायच्या, "फ्लोरा, सायमन हल्ली मिल्काकडं असतो वाटतं?" मी म्हणायचे, "कामाला ठेवलाय." घरी येऊन मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. दोन-तीनदा मी चहा द्यायच्या निमित्तानं दबक्या पावलांनी खाली गेले आणि जिन्याच्या वळणावर थांबून ऐकलं.

"प्लग काळा पडलाय," सायमन म्हणायचा.

"का रे?"

"पेट्रोल जास्ती पिते."

"मग कमी कर."

बस्स. प्रेमाचं बोलत असते तर घाव कुठे घालायचा ते मला कळलं असतं. ते प्लगबद्दल बोलत होते.

देवाला दया आली असं मला वाटलं ते गीदी आला तेव्हा. आपल्या जुन्या गाडीचं कसं काय चाललंय ते बघायला एका संध्याकाळी तो अंगणात उपटला. राहेलबाई दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. नऊवारीतली छोटीशी बाई, हिब्रू शून्य; फक्त प्रार्थनेतले शब्द ओळखीचे. गीदी तिला कौतुकानं सांगायला लागला, पतपेती कशी पळायची, लोक कसे ओरडायचे. शेवटी छाती फुगवून म्हणाला, "कोल शब्बात! कोल शब्बात!" दर शब्बाथला.

सबंध भाषणातला तो एक शब्द म्हातारीला कळला. तिनं सूप खाली ठेवलं.

"मिल्का, हा शब्बाथचं काय सांगतो?"

मिल्काला खोटं बोलता येत नसे. शर्यती सुट्टीच्या दिवशी, आणि या देशात सुट्टीचा दिवस म्हणजे शनिवार, तोच शब्बाथ, काम न करायचा पवित्र दिवस. म्हातारीनं डोक्यावरचा पदर घट्ट केला. "आपली माणसं कोण, ठावं हाय ना? शनवार तेली. कोकणात साऱ्या गावाचे घाणे चालायचे तेव्हा शनवारी आपला घाणा बंद. बैलाला पण इसावा. दुसरं काय आपल्याकडं नव्हतं गो, तोराची पोथी नव्हती, हिब्रू नव्हती. येवढा शनवार होता. आणि ही रांड दर शनवारी वाळूत हुंदडली? हिला माज्या अंगणात जागा नाय."

आमच्या हैफात एरवीसुद्धा म्हातारीला शनिवारी त्रासच होता. देशभर शनिवारी बस बंद असतात, हैफात धावतात. म्हातारी त्या दिवशी रस्त्याकडच्या खिडकीची झडप पाडून बसायची, बस दिसू नये म्हणून. अशा बाईच्या अंगणात शब्बाथ मोडणारी फटफटी!

मिल्का जगाला जुमानत नसे, पण आईच्या शब्दाबाहेर नव्हती. पतपेती अंगणातून गल्लीत गेली आणि तिथे बंद उभी राहिली. मिल्का पुन्हा पायऱ्या चढायला लागली. सायमन पुन्हा खुर्चीत बसून भिंतीकडे बघायला लागला. मी मनातल्या मनात म्हातारीला ओवाळलं. सुजलेल्या पायांची मिल्का बादलीत पाय घालून बसलेली दिसली तरी मला काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं.

पण ती मिल्का होती. एका संध्याकाळी मी खाली मीठ मागायला गेले होते तेव्हा ती आईच्या पायाशी बसली होती.

"आई, एलियाहू हनाबी स्वर्गात गेला तो कशातनं?"

"रथातनं. ते काय इचारतेस?"

"कसल्या रथातनं?"

"आगीच्या."

"आणि घोडे?"

"ते पण आगीचे."

"मग तो काय हळू गेला असेल?"

आम्हा बेने इस्राएलांचा सगळ्यात लाडका तो एलियाहू पैगंबर. अलिबागेजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे असं आम्ही मानतो, आणि म्हातारी त्याच बाजूची. मिल्कानं शेवटचा खिळा ठोकला. "खडकावर खूण उठली आई. हळू जाऊन उठते काय? आग, धूर, चाकं, हे सगळं खातं त्याचंच. त्यालाच विचारूया."

म्हातारीनं बराच वेळ चाकासारखा हात गोल फिरवून पाहिला. मग म्हणाली, "पोहे भिजत घाल."

एलियाहूच्या नावानं मलिदा झाला. आम्ही नवस बोलताना, फेडताना, कुठल्याही शुभकार्याला मलिदा करतो: भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. पण मोटारसायकलसाठी केलेला मलिदा जगात हा एकच असावा. पोहे मुंबईहून कोणीतरी आणलेले जपून ठेवले होते, नारळ मिल्कानं कुठून पैदा केला देव जाणे. पतपेतीच्या हॅन्डलला हार, समोर पाटावर ताट. रुमानियन आणि मोरोक्कन गॅलऱ्यांत उभे राहून बघतायत. सायमन एरवी सिनेगॉगची पायरी चढत नसे. त्या दिवशी डोक्याला टोपी घालून त्यानं एलियाहूचं गाणं सगळ्यांत वरच्या पट्टीत म्हटलं. मी मलिदा खाल्ला. दुसऱ्यांदा घेतला नाही.

म्हातारीची एक अट मात्र राहिली. इतके शब्बाथ मोडले, आता यापुढचे सगळे पाळायचे. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो, म्हणून त्याच्या आत पतपेतीवर पांढरी चादर पडायची ती शनिवारी तारे दिसल्यावर निघायची. हैफाच्या बस शनिवारी धावायच्या आणि मिल्काची फटफटी झोपायची. येणारे-जाणारे विचारायचे, आत कोण मेलंय?

मिल्का चालवायला शिकली ते पडत-धडपडत, कोपरं सोलून घेत. हळू जाणं तिला जमलं नाही. गाडीलाही जमत नव्हतं, त्यामुळे दोघींचं पटलं. सायलेन्सर लावूनही आवाज असा की डोंगराच्या खालच्या वळणावर ती आली की वरच्या घरांत कळे. तिचे म्हातारे पेशंट आवाज ऐकला की पायजम्याची नाडी सोडून पालथे पडत. बाई दारात येते तो तयारी पूर्ण. आमच्या इमारतीतला जर्मन, योसेफ नावाचा, दुपारी दोन ते चार शांतता पाळण्याबद्दल देवापेक्षा कडक. त्यानं तक्रार केली. मिल्का म्हणाली, "बरं. उद्यापासून इंजेक्शनला तुम्ही चालत दवाखान्यात या." त्यानंतर तो दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा आणि ती आली की घड्याळ बघून मान डोलवायचा.

आणि सायमनची शीळ चालूच. शेवटी एक दिवस माझा संयम संपला. मी खाली गेले. तो बंदरात होता, मिल्का एकटीच चेनला तेल देत होती. मी म्हणाले, "मिल्का, माझा नवरा मला परत दे."

तिनं वर पाहिलं. "घेऊन जा की. मी कुठं धरून ठेवलाय?"

"मग तो वर का येत नाही?"

"ते त्याला इचार." तिनं हात कोटालाच पुसले. मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बस मागं."

"मी? मला नाही बसायचं."

"झालं, बसलीस," मिल्का म्हणाली.

आणि मी बसले. का, ते मला विचारू नका. स्कर्ट गुडघ्यांखाली दाबून, तिच्या कमरेला मिठी मारून, खोबरेल तेलाच्या आणि पेट्रोलच्या वासात नाक खुपसून. आम्ही बंदरापर्यंत खाली गेलो. मी सगळा वेळ डोळे मिटून शेमाची प्रार्थना म्हणत होते. परतताना चढाच्या तोंडाशी रम्झोरला, म्हणजे सिग्नलला, थांबलो. शेजारी एक पोरगा नव्या चकचकीत मोटारसायकलवर. त्यानं आमच्याकडे पाहिलं. एक पांढऱ्या कोटातली, एक स्कर्टातली, दोन काळ्यासावळ्या बायका. म्हणाला, "दोदा," मावशी, "घरी भांडी घासायची राहिली नाहीत ना?" आणि त्यानं इंजिन घुमवलं.

पतपेतीनं ते ऐकलं. तुम्ही हसा, पण मी मागे बसले होते, मला कळलं. तिच्या अंगात काहीतरी ताठ झालं.

मिल्का म्हणाली, "फ्लोरा, घट्ट धर गो."

मी म्हणायला हवं होतं, मिल्का नको, मला दोन मुलं आहेत. मी काय म्हणाले ते माझ्याच कानांनी ऐकलं. मी म्हणाले, "सोड!"

दिवा हिरवा झाला. ते मोठं चक्र चढावर असं काही लागलं की तो पोरगा पहिल्या वळणाला मागे पडला, दुसऱ्याला दिसेनासा झाला. माझा डोक्याचा रुमाल उडाला, केस सुटले. खाली सगळं बंदर, जहाजं, समुद्र, सायमनच्या क्रेन काड्यांएवढ्या. मी ओरडत होते. मराठीत ओरडत होते की हिब्रूत, आठवत नाही. शुद्ध तर नक्कीच नव्हतं.

रात्री सायमननं विचारलं, "कशी वाटली?"

मी म्हटलं, "आवाज फार करते."

त्या दिवसानंतर सायमनबद्दलचा माझा संशय गेला. त्याला तिथे काय सापडलं होतं ते मला कळलं होतं, आणि ते मिल्का नव्हती. पण मत्सर काही गेला नाही. उलट आता तो चांगला मुरला, कारण नवऱ्याचं निमित्त उरलं नाही. मला मिल्काचाच हेवा वाटायला लागला, थेट. ती सकाळी किक मारायची आणि कुठून जायचं ते वाटेत ठरवायची. मी कुठून जायचं ते कधीच ठरवलं नव्हतं. मुंबईहून इस्राएलला आले तीसुद्धा सासऱ्यांनी ठरवलं म्हणून. मिल्का पुढेही बऱ्याचदा म्हणाली, चल, चक्कर मारू. मी दर वेळी काहीतरी काम काढलं. चक्कर संपल्यावर उतरावं लागतं, ते मला पुन्हा नको होतं.

असं काही वर्षं चाललं. मग राहेलबाई गेल्या. वर्ष सरल्यावर मिल्कानं एलातच्या दवाखान्यात नोकरी धरली. एलात म्हणजे देशाचं पार दक्षिणेचं टोक, तांबडा समुद्र. बसनं जायचं तर सबंध दिवस मोडतो. "तिथं चढ नाय न् उतार नाय," ती म्हणाली. सामान ट्रकनं गेलं. पतपेतीही ट्रकनं पाठव असं सगळ्यांनी सांगितलं. "ती काय सामान हाय?" मिल्का म्हणाली. ती गाडी चालवत जाणार होती, सगळं वाळवंट ओलांडून.

सायमननं जेवताना मला सांगितलं, "मी बरोबर जातो. वाळवंटात मशीन तापलं, बंद पडलं, तर ती एकटी काय करणार? सोडून बसनं परत येतो." भाकरीकडे बघत बोलत होता. संशय गेला होता म्हणाले ना मी? तो एका घासात परत आला. या माणसाला मागच्या बैठकीवर बसून सबंध देश ओलांडायचा होता. तिकडे सपाट रस्ता, तिकडे समुद्र. आणि इकडे ग्रीसचा डबा आणि मी. तो परत येईल असं मला त्या क्षणी खरंच वाटत नव्हतं.

मी म्हटलं, "जा." जाऊ नको असं सांगायची वेळ यावी यातच माझी हार होती.

सकाळी उजाडताना तो खाली उतरला. हातात कॅनव्हासची पिशवी; तिच्यात परळहून आणलेली त्याची हत्यारं, पाने, पक्कड, सगळी. घरात खिळा ठोकायलाही त्यानं मला त्यातली हातोडी कधी दिली नव्हती. मी गॅलरीत मुलांचे कपडे वाळत घालत होते, म्हणजे घालायचं नाटक करत होते. मिल्का कोट घालून, हेल्मेटचा पट्टा आवळून तयार होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"तू कुठं निघालास?"

"तुझ्याबरोबर. वाटेत काही झालं तर..."

"पिशवी बांध मागं," ती म्हणाली. "तू वर जा. कामाला उशीर होईल."

"अगं पण तुला एकटीला..."

"तू शिकवलंयस ते करीन. नाय जमलं तर बसेन रस्त्याकडेला. कोणतरी येतंच."

सायमननं पिशवी मागच्या बैठकीवर ठेवली आणि दोरीनं बांधली, सावकाश, एकेक गाठ ओढून बघत. मिल्कानं मान वर केली आणि सगळी इमारत जागी होईल अशी हाक मारली.

"फ्लोरा! नवरा ठेवून चाललेय गो! तू येतेस काय?"

ती थट्टा होती की नाही, मी आजवर ठरवू शकलेले नाही. मी नाही म्हटलं नाही. माझ्या हातात ओला मोजा होता आणि त्याचा जोडीदार सापडत नव्हता. तिनं वाट पाहिली. थट्टा असती तर इतकी वाट पाहिली नसती. मग तिनं किक मारली, वरच्या मजल्यावर योसेफनं खिडकी उघडली, आणि पतपेती उताराला लागली.

सायमन रिकाम्या हातांनी अंगणात उभा राहून रस्त्याकडे बघत होता. मी त्या पिशवीकडे बघत होते. ती माझ्या जागेवर बसून एलातला चालली होती.